बॉडी कोमट, आवाज नॉर्मल

यंत्र बिघडलं की मी आधी चिडते आणि मग बघते. बाबा आधी बघतात, मग वहीत लिहितात, आणि चिडायचंच असलं तर चहा झाल्यावर चिडतात. त्यांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला गेली. मी दुर्गच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि बोरसीला राहते. म्हणजे खानदानी धंदा एकच, बिघडलेल्या वस्तूपाशी जाऊन उभं राहायचं. फरक एवढाच की त्यांच्या यंत्रापाशी चुकलं तर माणूस जात होता, माझ्या यंत्रापाशी फार तर विद्यार्थी जांभया देतात.

रिटायर झाल्यावर पहिले आठ महिने बाबा घरात होते. ते महिने आठवले की मला अजून आईची दया येते. पहाटे पावणेपाचला उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसायचे, आणि जायला कुठे नसायचं. मग त्यांनी स्वयंपाकघराचं लॉगबुक सुरू केलं. कुकरच्या शिट्ट्या किती, फ्रिजचं दार किती वेळा उघडलं, मिक्सर किती तापला. एक दिवस आईनं लाटणं खाली ठेवलं आणि मला फोन केला.

"ह्या मानसाले कुठीतरी ड्यूटीवर लाव, नाहीतं मी चालली माहेरी, भंडाऱ्याले."

मी हसले, आई हसली नाही. बाबांनी तर त्या दिवसांत हसणं सोडूनच दिलं होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

ड्यूटी मिळाली ती आमच्या मराठी मंडळात. हॉलच्या मागे एक खोली रिकामी होती. कॉलेजनं मोडीत काढलेले सहा कॉम्प्युटर मी अर्जावर अर्ज करून मिळवले आणि तिथे मांडले. पोरांना अभ्यासाला, बायकांना फॉर्म भरायला, रिटायर मंडळींना पेन्शनचे कागद काढायला. कमिटीची अट एकच होती, पोरांनी नको ते बघता कामा नये. म्हणून त्यांतलं सगळ्यांत जुनं मशीन मी प्रॉक्सी सर्व्हर केलं. प्रॉक्सी म्हणजे गेटवरचा जवान समजा. उरलेल्या पाच कॉम्प्युटरांना बाहेर इंटरनेटवर जायचं तर त्याच्या समोरूनच जावं लागतं. कुठे जाऊ द्यायचं नाही याची यादी त्याच्यापाशी असते, आणि ती यादी एक अपडेट सेवा रोज ताजी करून देते. यादी शिळी झाली तर हा जवान कुणालाच सोडत नाही. तसं मीच त्याला लावून ठेवलं होतं, कमिटीला खूश करायला.

बाबांना मी खोलीची चावी दिली, पासवर्ड दिला आणि निघता निघता म्हटलं, "बाबा, अपडेट येतंय का तेवढं बघत जा."

हे वाक्य मी आता जन्मात कुठल्या रिटायर्ड प्लांटवाल्यासमोर उच्चारणार नाही.

आठवड्याभरात खोलीत तीन शिफ्ट सुरू झाल्या. ए शिफ्ट बाबांची. बी शिफ्ट कॅम्प-१ वस्तीतल्या एका काकांची, हे जन्मभर क्रेन चालवत होते. सी शिफ्ट चरोद्याच्या काकांची, हे मालगाडीचे गार्ड. बाबा एकाला क्रेनसाहेब म्हणत, दुसऱ्याला गार्डसाहेब. नाईट शिफ्टचाही बेत होता, पण मंडळाचा चौकीदार आडवा आला. रिलीव्हर आल्याशिवाय कुणी खुर्ची सोडायची नाही, हा नियम तर न सांगताच लागू झाला. एकदा गार्डसाहेबांना यायला तासभर उशीर झाला, तर क्रेनसाहेब लघवीला न जाता बसून राहिले होते.

आणि लॉगबुक. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. रकाने पट्टीनं आखलेले: वेळ, बॉडी, आवाज, अपडेट, सही. बॉडी म्हणजे सर्व्हरच्या पत्र्याला हाताची पालथी बाजू लावून बघायची, मोटर तापली का बघतात तशी. पानंच्या पानं एकच मजकूर होता: बॉडी कोमट, आवाज नॉर्मल, अपडेट ओके. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पोट धरून हसले. शेजारच्या रकान्यातल्या वेळा मात्र वाचल्या नाहीत. मला घाई होती, मला नेहमीच असते.

बाबा पुन्हा हसायला लागले होते. संध्याकाळी फोन करून ते मला खोलीच्या बातम्या सांगत, कुणाचा फॉर्म भरला, कुणाचं ॲडमिट कार्ड निघालं. आईचं माहेरी जाणं रद्द झालं होतं.

मग एका गुरुवारी दुपारी बाबांचा फोन आला.

"बाई, मशीन ट्रिप झाली."

"कॉम्प्युटर ट्रिप होत नसतो, बाबा."

"झाली म्हणतो न. पाचही मशीनवर एकच लाल पाटी. कोणालेच बाहेर सोडून नाही राहिली."

"बंद करून चालू करा."

"कारण माहीत नसताना रिस्टार्ट? असं कोनं शिकवलं तुले?"

मला वर्गात तास होता, मागे चाळीस पोरं गोंधळ घालत होती, तरी मी फोन ठेवू शकले नाही. कारण रविवारी अकरा वाजता कमिटीची मीटिंग होती आणि त्या मीटिंगमध्ये खोलीचा फैसला व्हायचा होता. मंडळाचे मोठमोठे गंज, कढया, सतरंज्या व्हरांड्यात धूळ खात पडल्या होत्या. सेक्रेटरी काकू रिटायर्ड हेडमास्तरीण, बाई सरळ, पण पसाऱ्याचा राग भारी. त्यांचं म्हणणं, खोली चालत असेल तर चालू द्या, नाहीतर भांड्यांना द्या. यात चूक काढायलाही जागा नव्हती. आता खोली नेमकी चालत नव्हती. बाबा पुन्हा त्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले मला दिसायला लागले.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेले. माझ्या खुर्चीमागे तिघं ओळीनं उभे राहिले, हात मागे बांधून. ब्रेकडाउनला मोठे इंजिनीअर आले की असं उभं राहायची त्यांना सवय. मागे कुणी उभं असलं की मला स्वतःचं नावसुद्धा टाइप करता येत नाही.

केबल बघितल्या. प्रत्येकीवर बाबांनी पांढऱ्या टेपनं नंबर टाकले होते, एकही सैल नव्हती. डिस्क भरली असेल म्हटलं, तर अर्धी रिकामी. सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं असेल म्हटलं, तर गार्डसाहेब ते रोज आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घेत होते. इतकी टापटीप बघून मी उलट चिडले. गबाळ्या माणसाचं यंत्र बिघडलं तर निदान ओरडायला कुणी मिळतं.

शेवटी सर्व्हरची स्वतःची नोंद उघडली. यादी मागितली, नकार. यादी मागितली, नकार. खाली पानभर तेच. मी माझ्या फोनच्या नेटवर त्या अपडेट सेवेचं पान उघडलं, चटकन उघडलं. मंडळाच्या लाईनवरून उघडलं, दार बंद. म्हणजे सेवा जिवंत होती. तिला फक्त आमचं तोंड बघायचं नव्हतं.

"बाबा, सोपं आहे," मी म्हटलं. "पाच मिनिटं माझ्या फोनचं नेट सर्व्हरला देते. यादी उतरेल, खोली सुरू."

"फॉल्ट भेटला का?"

"नाही, पण..."

"फॉल्ट भेटल्याबिगर दुसऱ्या फीडरवरून सप्लाय देत नसतात. एक तं गेलाच, मग दुसराही जाते."

"बाबा, हा प्लांट नाही!"

"म्हणून काहीही करशील का?"

मागून क्रेनसाहेब "बराबर आहे" म्हणाले. तिघांपुढे माझं काय चालणार. मी दात-ओठ खात त्या सेवेला एक लांबलचक ईमेल लिहिला आणि घरी आले.

उत्तर शनिवारी सकाळी आलं. सभ्य भाषेतलं होतं, पण झापलेलं कळत होतं. यादी दिवसातून एकदा मागायची असते, तुमच्या पत्त्यावरून ती दिवसभर सारखी मागितली जाते, म्हणून तुमचा पत्ता अडवला आहे. चोवीस तास एकदाही मागू नका, बंदी आपोआप उठेल. मध्ये एकदा जरी मागितलीत तर घड्याळ पुन्हा शून्यावरून.

नऊच्या आत मी मंडळात पोचले. बाबा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले होते. मी लॉगबुक उघडलं आणि या खेपेला वेळा वाचल्या. दहा. साडेदहा. अकरा. साडेअकरा. प्लांटात रीडिंग घेतात तसं, दर अर्ध्या तासाला यांनी 'अपडेट करा'चं बटण दाबलं होतं. शिफ्ट बदलताना जाणारा दाबे आणि येणाराही दाबे, कारण दुसऱ्याच्या सहीवर चार्ज घ्यायचा नाही. काही ओळींत शेरा होता, 'खात्रीसाठी पुन्हा'. मी सांगितलं होतं बघत जा. ते बघत होते.

आधी मला हसू फुटलं. मग सह्या बघितल्या. सगळ्यांत जास्त बाबांच्या होत्या, त्या सुबक, वळणदार. हसू तिथेच थांबलं. ज्या खोलीनं या माणसाला उठवून बसवलं ती त्यानंच, जीव लावून, बंद पाडली होती, आणि हे त्याला सांगायचं काम माझं होतं. मला ते जमलं नाही. बाबा चहा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "सेवेच्या बाजूची गडबड आहे. उद्या सकाळपर्यंत आपोआप सुरू होईल. कुणी हात लावू नका."

"त्यांची गडबड? लिहून देलं त्यांनी?"

"हो."

"मग टाक लॉगबुकात."

मी टाकलं. 'दोष: बाहेरचा.' खाली सही. हिशोब सोपा होता, उद्या नऊला यादी येईल, अकराला मीटिंग, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी कॉलेजला गेले.

संध्याकाळी सव्वापाचनंतर परत आले तर खुर्चीत गार्डसाहेब, पुढ्यात लॉगबुक, हातात पेन. पानावर सकाळपासूनच्या तिघांच्याही ओळी. दर पंधरा मिनिटांना एक. अपडेट नाही. अपडेट नाही. अपडेट नाही. शेवटची ओळ पाच-पंधराची, शाई अजून ओली.

"काका!" मी किंचाळलेच. "हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"हात कुठी लावला बेटा? बस पूछा," गार्डसाहेब शांतपणे म्हणाले. "तूच तं लिहिलं, फॉल्ट बाहेरचा. बाहेरची लाईन गेली तं पूछना तो पडेगा न, कब आयेगी. अर्ध्या तासाचं आम्ही पंधरा मिनिटं केलं. अर्जंट केस म्हणून."

बाहेर दोष असला की विचारत राहायचं असतं, हे त्यांच्या हिशेबानं अगदी बरोबर होतं. मी खरं लिहिलं असतं तर त्यांनी बटणाकडे बघितलंसुद्धा नसतं. आता चोवीस तास पुन्हा शून्यावरून, म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत. मीटिंग सकाळी.

तेवढ्यात बाबा आलूगुंड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या बटाटेवड्यांची, पुडी घेऊन आत आले. माझा चेहरा बघून त्यांनी पुडी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली. मी फोन काढला आणि तो ईमेल त्यांना मराठीत वाचून दाखवला, शब्द न शब्द.

बाबांनी लॉगबुक ओढून घेतलं. मागची दहाबारा पानं बोट फिरवत बघितली.

"म्हणजे मीच."

"तुम्ही एकटे नाही, बाबा, तिघंही..."

"रोस्टर मी बनवला." मग त्यांनी आजचं पान उघडलं आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुले सकाळीच माहीत होतं?"

"हो."

"मग कावून नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते आणि सुटले असते. ते अगदी हळू बोलले.

"वाईट वाटू देत असतात, बाई. लॉगबुकात खोटं लिहिलं तं पुढच्या शिफ्टवाला मरते."

मी चाळिशी ओलांडलेली बाई, दोन पोरांची आई, मंडळाच्या खोलीत आलूगुंड्यांसमोर ढसाढसा रडले. गार्डसाहेब उठून खिडकीबाहेर बघायला लागले. तिकडे भिंत आहे.

बाबांनी पेन घेतलं आणि नवीन ओळ लिहिली: 'फॉल्ट ऑपरेटरचा. अपडेट गरजेपेक्षा जास्त वेळा मागितले. पाच-पंधरापासून चोवीस तास शटडाउन.' सही केली. मग सर्व्हरचा प्लग काढला, बाहेर जाऊन स्कूटरची डिकी उघडली आणि तळातून एक पत्र्याची लाल पाटी आणली. कडा घासलेल्या, वर हिंदीत पांढरी अक्षरं: 'चालू न करें, आदमी काम पर हैं।' ती आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. प्लांटात कुणी मशीनच्या आत दुरुस्तीला उतरलं की स्विचवर ही पाटी लागते, आणि जो लावतो तोच काढतो. साहेब आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बाबांनी खोलीला कडी घातली आणि कडीत पाटी अडकवली.

रविवारी सकाळी मी शेवटचा प्रयत्न केला. "बाबा, मीटिंगपुरतं माझ्या फोनवरून..."

त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी फोन पर्समध्ये टाकला.

मीटिंगला नऊ जण होते, सात प्लांटचे. खोलीचा विषय आल्यावर बाबा उभे राहिले आणि लॉगबुकातली ती ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. फॉल्ट माझा, म्हणाले, आणि खाली बसले. माझ्या ओळीबद्दल चकार शब्द काढला नाही. मी मागच्या खुर्चीत बसून साडीचा पदर पिळत होते.

सेक्रेटरी काकू म्हणाल्या, "ठीक आहे, झालं ते झालं. पण खोली बंदच आहे, आणि आज सगळे जमलेच आहेत, तर भांडी आत ठेवून घेऊ."

सगळे उठले. एका मोठ्या गंजाला दोघांनी दोन बाजूंनी धरलं. पुढे होते ते आमचे सगळ्यांत वयस्कर मेंबर, रोलिंग मिलमधून रिटायर झालेले. दारापाशी ते थबकले. गंज खाली ठेवला, खिशातून चष्मा काढून लावला.

"टॅग कोनाचा?"

"माझा," बाबा मागून म्हणाले.

"मग झालं," म्हणत त्यांनी चष्मा काढला आणि मागे सरकले. त्यांच्यामागचे सगळेच मागे सरकले.

"अहो, म्हणजे काय?" काकू म्हणाल्या. "मंडळाची खोली आहे ही! पाटी काढा आणि ठेवा आत."

"टॅग आहे, काकू," क्रेनसाहेब म्हणाले. लहान मुलाला सांगावं तसं.

कुणी हललं नाही. काकूंनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, मग पाटीकडे. त्यांचे यजमानही प्लांटातच होते, भट्टीवर, सगळी वर्षं धडधाकट घरी आलेले. काकूंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मग बाबांना म्हणाल्या, "सव्वापाचला मी इथे येते. चालली नाही खोली, तर पाटी तुम्ही स्वतः काढून मला जागा द्यायची."

"हाव," बाबा म्हणाले.

सव्वापाचला सगळे हजर होते. बाबांनी साडेपाच होऊ दिले. "मार्जिन," म्हणाले. मग पाटी काढली, प्लग लावला, पत्र्याला हाताची पालथी बाजू लावली. सर्व्हर म्हातारा, सुरू व्हायला त्याला चांगली पाच मिनिटं लागतात आणि त्या दिवशी तर तो मुद्दाम लावतोय असं मला वाटलं. बटणावर बाबांचं बोट गेलं. एकदाच दाबलं आणि हात मागे बांधले. गार्डसाहेबांचे ओठ हलत होते, बहुतेक सेकंद मोजत असावेत.

यादी आली.

काकूंनी पहिल्या कॉम्प्युटरवर बसून यजमानांचा पेन्शनचा कागद काढला, दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "भांड्यांना मागे एक शेड टाकू," एवढं बोलून त्या गेल्या.

गर्दी पांगली तेव्हा बाबांनी 'अपडेट'च्या रकान्यावर 'दिवसातून एकदा' असं लाल शाईनं लिहिलं. मग शनिवारचं पान उलटून माझ्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. लॉगबुकात खोडरबर चालत नाही, हे मला माहीत होतं. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, वाचता येईल अशी, आणि खाली खरं लिहायचं. मी 'दोष: बाहेरचा' यावर रेघ मारली. खाली लिहिलं: 'ही नोंद खोटी होती. मला माहीत होतं.' सही केली. माझी सही त्यांच्या सहीखाली अगदीच गबाळी दिसत होती.

बाबांनी ओळ वाचली आणि शेजारी शिफ्ट इन्चार्ज म्हणून आपली सही केली. मग हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला लावून क्षणभर थांबले.

"कोमट," म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.